हेन्री मॉडस्ली

हेन्री मॉडस्ली (२२ ऑगस्ट, इ.स. १७७१ – १४ फेब्रुवारी, इ.स. १८३१) हे इंग्लंडमधील यंत्रनिर्माते आणि यंत्रहत्यारांच्या, म्हणजे धातू कापून त्याला आकार देणाऱ्या यंत्रांच्या, विकासातील एक प्रमुख व्यक्ती होते. मळसूत्राचे आटे अचूक पाडणारा लोखंडी लेथ, पोर्ट्‌समथच्या नौदल गोदीतील कप्प्या बनवणारी यंत्रे आणि इंचाचा दहा हजारावा भाग दाखवणारा सूक्ष्ममापी ही त्यांची प्रसिद्ध कामे होत. औपचारिक शिक्षण किंवा रीतसर उमेदवारी यांपैकी काहीही त्यांच्या वाट्याला आले नव्हते. भट्टी, ऐरण आणि कानस यांवर ते शिकले. पुढे त्यांचा लंडनमधील कारखाना हीच यंत्रकारांच्या एका पिढीची शाळा ठरली. जोसेफ व्हिटवर्थ, रिचर्ड रॉबर्ट्‌स, जोसेफ क्लेमंट आणि जेम्स नॅस्मिथ हे चौघेही त्या कारखान्यात काम करून गेले.

बालपण आणि वुलिच येथील शिक्षण

मॉडस्ली यांचा जन्म टेम्स नदीकाठच्या वुलिच येथे झाला. त्यांच्या वडिलांचेही नाव हेन्रीच होते. ते सैन्यात चाके व गाडे बनवणारे कारागीर होते. लढाईत जखमी झाल्यावर त्यांना वुलिच येथील शाही शस्त्रागारात भांडारातील काम मिळाले. मॉडस्ली ९ वर्षांचे असताना, १७८० साली, वडिलांचे निधन झाले. सात भावंडांच्या कुटुंबात मुलाने लवकर कमावते होणे अपरिहार्य होते. वयाच्या १२ व्या वर्षी ते शस्त्रागारात काडतुसांत दारू भरण्याच्या कामावर लागले. सुमारे दोन वर्षांनी त्यांना सुतारशाळेत पाठवण्यात आले. परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही. शेजारच्या लोहारशाळेची ओढ इतकी होती की हातातले काम सोडून ते तिकडे जात, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. अखेर १५ व्या वर्षी त्यांची लोहारशाळेत बदली झाली.

वुलिचच्या भट्टीवर नांगर आणि तोफगाड्यांचे अवजड भाग घडत असत, पण मॉडस्ली यांचा हात हलक्या आणि गुंतागुंतीच्या घडकामात बसला. लोखंडी पट्टीपासून चुलीवर ठेवायच्या तिवया ते विलक्षण वेगाने घडवत. सरकारी लोखंडातून अशा खासगी वस्तू करण्यास मनाई होती, तरीही त्या पाहण्यासाठी जुने लोहार त्यांच्या ऐरणीभोवती जमत. तापलेले लोखंड कोणत्या रंगावर घडवायचे, पोलादाला पाणी केव्हा द्यायचे आणि ते किती उतरवायचे, ऐरणीवरून उतरलेला नग कानशीने किती घासायचा, या गोष्टी त्या काळी पुस्तकात मिळत नव्हत्या. त्या डोळ्याने, कानाने आणि मनगटानेच शिकाव्या लागत. मॉडस्ली यांची ही शिदोरी १८ व्या वर्षापर्यंत पुरती तयार झाली होती.

जोसेफ ब्रामा यांच्या कारखान्यात

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा या कल्पक उद्योजकासमोर एक अडचण उभी होती. १७८४ साली त्यांनी एका नव्या प्रकारच्या कुलपाचे पेटंट घेतले होते. कुलूप उत्तम होते, पण त्याचे अनेक बारीक भाग एकमेकांत काटेकोर बसावे लागत आणि हाताने ते घडवताना खर्च व वेळ दोन्ही हाताबाहेर जात. ब्रामांच्या एका कामगाराने वुलिचच्या तरुण लोहाराचे नाव सुचवले आणि १७८९ साली मॉडस्ली त्यांच्याकडे आले.

त्यांचे वय पाहून ब्रामा साशंक झाले. सात वर्षांची उमेदवारी न केलेल्या मुलाला जाणत्या कारागिरांच्या पंक्तीत बसवणे हा त्या काळच्या रीतीचा भंग होता. त्यावर मॉडस्ली यांनी कारखान्यातल्या एका झिजलेल्या व्हाइसकडे बोट दाखवले आणि संध्याकाळपर्यंत तो नव्यासारखा करून दाखवण्याची तयारी दर्शवली. त्याच्या जबड्यांना त्यांनी नवे पोलाद बसवले, ते कानशीने सारखे केले, पाणी दिले आणि काम ठरल्या वेळेत संपवले. सोपे दिसले तरी या कामात घडाई, जोडकाम, कानसकाम आणि पोलादाचे कठिणीकरण या चारही कौशल्यांची कसोटी होती. त्यांना नोकरी मिळाली आणि काही वर्षांत ते कारखान्याचे प्रमुख फोरमन झाले.

ब्रामांनी आपले एक कुलूप पिकॅडिली येथील दुकानाच्या खिडकीत ठेवले होते आणि ते किल्लीविना उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले होते. मॉडस्ली यांच्या हातचे हे कुलूप १८५१ पर्यंत कोणालाही उघडता आले नाही. त्या वर्षी अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स यांनी १६ दिवसांत विभागून ५१ तास झटल्यावर ते उघडले. मात्र या कुलपापेक्षा महत्त्वाची ठरली ती कुलपाचे भाग एकसारखे तयार व्हावेत म्हणून या कारखान्यात रचलेली यंत्रे. एकच आकार शंभर वेळा अचूक हवा असेल, तर माणसाच्या हाताची स्थिरता यंत्राच्या चौकटीत आणावी लागेल, हा विचार मॉडस्ली यांच्या मनात तेथेच रुजला.

ब्रामांच्या जलदाब यंत्रातील एक कूटप्रश्न सोडवण्याचे श्रेयही मॉडस्ली यांना दिले जाते. दट्ट्याभोवतीची फट घट्ट बंद केली तर दट्ट्या अडकत असे, सैल ठेवली तर पाणी गळत असे. दाब वाढताच आपोआप पसरून फट बंद करणारी आणि दाब उतरताच सैल होणारी कातड्याची कडी हा त्यावरील उपाय होता. पेटंट मात्र मालकाच्या, म्हणजे ब्रामांच्या, नावे होते.

१७९१ साली मॉडस्ली यांनी ब्रामांच्या घरी कामाला असलेल्या सारा टिंडेल यांच्याशी विवाह केला. संसार वाढला, पण वेतन आठवड्याला ३० शिलिंगांवरच थांबले. १७९७ साली त्यांनी वाढ मागितली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ वेल्स स्ट्रीट येथे स्वतःचे छोटे दुकान थाटले. त्यांचे पहिले मोठे काम एका चित्रकारासाठी लोखंडी घोडा, म्हणजे चित्रफलक टेकवायची चौकट, बनवण्याचे होते.

लेथ आणि सरकता हत्यारधारक

मॉडस्ली यांच्या आधीच्या लेथवर धातू कातताना कारागीर लांब दांड्याचे हत्यार दोन्ही हातांनी धरून आडव्या टेकूवर दाबत असे. काम फिरत राही आणि धार पुढे सरकवणे, खोली राखणे, हादरा सोसणे हे सर्व कारागिराच्या अंगावर पडे. लाकूड या पद्धतीने उत्तम कातता येते. लोखंड कातताना मात्र मनगट थकते आणि थकलेल्या मनगटाची खूण धातूवर उमटते. लांब दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जाडीचा कातणे हे कसबी माणसालाही क्वचितच साधत असे.

सरकत्या हत्यारधारकात धार एका लोखंडी पकडीत घट्ट बसवलेली असते. ही पकड सपाट मार्गावर मळसूत्राच्या साहाय्याने पुढे-मागे व आत-बाहेर सरकते. कारागीर फक्त मूठ फिरवतो; धारेची वाट मार्ग ठरवतो. इतर कारागिरांनी सुरुवातीला या साधनाची थट्टा केली आणि मुलांना चालायला शिकवणाऱ्या पांगुळगाड्याचे नाव त्याला दिले. थट्टेत तथ्यही होते: ज्याचा हात बसलेला नाही त्यालाही हे साधन चालवत होते, आणि कसबी कातकऱ्यांना बोचणारी गोष्ट नेमकी हीच होती.

मॉडस्ली यांना सरकत्या हत्यारधारकाचे जनक म्हणण्याची प्रथा जुन्या इंग्रजी ग्रंथांतून रूढ झाली. ती तंतोतंत खरी नाही. फ्रान्समध्ये जाक द व्होकान्साँ यांनी १७५० च्या सुमारास लोखंडी मार्गांवर सरकणारा हत्यारधारक असलेला लेथ बनवला होता, तर खुद्द लंडनमध्ये जेसी रॅम्सडेन यांनी उपकरणांसाठी आटे पाडणारे लेथ १७७० च्या दशकातच वापरले होते. मॉडस्ली यांनी केले ते वेगळे आहे आणि कमी महत्त्वाचे नाही. हत्यारधारक, मार्गदर्शक मळसूत्र आणि दंतचक्रे त्यांनी एकाच ताठ लोखंडी यंत्रात एकत्र आणली आणि उपकरणकाराच्या खोलीतला हा अपवाद कारखान्यातले रोजचे साधन केला.

या लेथचे तत्त्व असे आहे. ज्यावर आटे पाडायचे तो दांडा फिरतो, त्याच वेळी दंतचक्रांनी जोडलेले मार्गदर्शक मळसूत्रही फिरते आणि हत्यारधारकाला पुढे ओढते. मार्गदर्शक मळसूत्रावर इंचाला १० आटे असतील आणि त्याच्या एका फेऱ्यात दांड्याचे दोन फेरे होत असतील, तर दांड्यावर इंचाला २० आटे पडतात. दंतचक्रे बदलली की आट्यांची संख्या बदलते. त्यांच्या सर्वांत आरंभीच्या यंत्रात चक्रांऐवजी मार्गदर्शक मळसूत्रच बदलावे लागे. बदलत्या चक्रांची सोय नंतर आली. १८०० च्या सुमाराचा त्यांचा एक लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

येथे एक प्रश्न उरतो. अचूक आटे पाडायला आधीच एक अचूक मळसूत्र हवे; मग ते पहिले कोठून आणायचे? मॉडस्ली यांनी मऊ लाकूड किंवा कथील यांसारख्या पदार्थाच्या दंडगोलावर एक वाकडी सुरी मोजून ठरवलेल्या कोनात तिरकी टेकवली. दंडगोल फिरवला की सुरी त्यात रुतून स्वतःच पुढे सरकत जाई आणि मागे सर्पिल रेघ उमटे. अशा अनेक रेघांतून उत्तम निवडून त्यांची नक्कल पोलादावर उतरवायची, ती हाताने दुरुस्त करायची, तिच्यावरून पुढचे मळसूत्र पाडायचे आणि त्यातली चूक पुन्हा काढायची, असा क्रम चाले. म्हणजे यंत्राची अचूकता मुळात हातानेच, थोडी थोडी करून, यंत्रात भरावी लागली. या मार्गाने त्यांनी पुढे ५ फूट लांबीचे, इंचाला ५० आटे असलेले मळसूत्र बनवले. त्यावर बसणाऱ्या १२ इंच लांब नटात ६०० आटे होते. खगोलशास्त्रीय उपकरणांच्या मोजपट्ट्या विभागण्यासाठी त्याचा उपयोग झाला.

त्या काळी बोल्ट आणि नट यांच्या जोड्या लावलेल्या असत. यंत्र उघडताना प्रत्येक जोडीवर खूण करावी लागे, कारण एका बोल्टचा नट शेजारच्या बोल्टवर बसेलच याची खात्री नसे. मॉडस्ली यांनी आपल्या कारखान्यापुरते व्यास आणि आटे ठरवून टाकले. कारखान्याबाहेर ही शिस्त पसरायला आणखी एक पिढी जावी लागली.

पोर्ट्‌समथची कप्पी-यंत्रे

कॅव्हेंडिश स्क्वेअरजवळच्या मार्गारेट स्ट्रीटवर कारखाना हलवल्यानंतर मॉडस्ली यांच्याकडे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम आले. फ्रान्समधून आलेले अभियंते मार्क इझंबार्ड ब्रुनेल यांनी जहाजांच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या यंत्रांनी बनवण्याची योजना आखली होती. नौदलाला दरवर्षी सुमारे एक लाख कप्प्या लागत आणि नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ही गरज तातडीची होती. ब्रुनेल यांना आपली रेखाटने धातूत उतरवू शकणारा माणूस हवा होता. मॉडस्ली यांच्या दुकानाच्या खिडकीत ठेवलेले मळसूत्राचे सुबक काम एका फ्रेंच स्नेह्याच्या नजरेस पडले आणि त्याने दोघांची गाठ घालून दिली.

नौदलातील अधिकारी सॅम्युएल बेंथम यांच्या पाठबळाने १८०२ ते १८०८ या काळात ४० हून अधिक यंत्रे उभी राहिली. भोक पाडणे, खाच कोरणे, बाहेरचा आकार देणे, आतली चाकी कातणे अशी प्रत्येक क्रिया वेगळ्या यंत्राकडे होती आणि कप्पी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जात असे. कापायचे होते लाकूड, तरी यंत्रे मात्र पूर्ण धातूची होती. लाकडी सांगाड्याची यंत्रे पाहण्याची सवय असलेल्या त्या काळात हे नवे होते. १८०८ साली या कारखान्यातून १,३०,००० कप्प्या बाहेर पडल्या. यांतील काही यंत्रे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होती.

पूर्वी ११० कुशल कारागीर करत ते काम आता १० अकुशल माणसे करू लागली, असा आकडा या यंत्रांबाबत नेहमी दिला जातो. तो यशाची मोजदाद म्हणून दिला जातो; उरलेल्या शंभर माणसांच्या कसबाचे काय झाले, याची नोंद या कौतुकात फारशी आढळत नाही. ज्याचे स्वतःचे जीवन हातच्या कसबावर उभे राहिले, त्याच्याच यंत्रांनी एका जुन्या धंद्यातील कसब अनावश्यक ठरवले, हा मॉडस्ली यांच्या चरित्रातील खरा पेच आहे. मात्र त्याच यंत्रांनी दुसरीकडे नवे कसब मागितले. कप्पी बनवणारा सुतार नको झाला, पण ते यंत्र घडवणारा, जुळवणारा आणि दुरुस्त करणारा फिटर हवा झाला.

लँबेथ येथील कारखाना

१८१० साली मॉडस्ली यांनी टेम्सच्या दक्षिणेस लँबेथ येथे घोडेस्वारी शिकवण्याची एक जुनी इमारत घेऊन तेथे मोठा कारखाना उभारला. पोर्ट्‌समथ गोदीत आरेखक असलेले जोशुआ फील्ड हे आधीच त्यांच्याकडे आले होते. ते पुढे भागीदार झाले आणि कंपनीचे नाव मॉडस्ली, सन्स अँड फील्ड असे रूढ झाले. १८०७ साली पेटंट घेतलेले आटोपशीर टेबल-इंजिन लहान कारखान्यांत लोकप्रिय झाले. त्यानंतर जहाजांची वाफेची इंजिने हा कंपनीचा मुख्य व्यवसाय बनला. १८२५ साली फॅलमथहून निघून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कलकत्त्यास पोहोचलेल्या एंटरप्राइझ या जहाजाची इंजिने याच कारखान्यातील होती. वाफ आणि शिडे दोन्ही वापरून का होईना, इंग्लंडहून भारतात आलेले हे पहिले वाफेचे जहाज होय. ब्रुनेल यांच्या टेम्सखालच्या बोगद्यासाठी लागलेली खोदकामाची लोखंडी ढालही येथेच तयार झाली.

शिकाऊ माणसाच्या दृष्टीने या कारखान्यातील कामाची पद्धत विशेष होती. कामाच्या बाकांवर सपाट धातूच्या पाट्या ठेवलेल्या असत. कारागिराने कानशीने घासलेला नग रंगाचा पातळ हात दिलेल्या पाटीवर टेकवायचा. जेथे रंग लागे तो उंचवटा, तेवढाच पुन्हा घासायचा. सपाटपणा आता डोळ्यावर सोडलेला नव्हता, त्याचा साक्षीदार बाकावरच होता. मोजमापाचे वाद मिटवण्यासाठी मॉडस्ली यांनी १८०५ च्या सुमारास एक सूक्ष्ममापी बनवला. त्यातील मळसूत्रावर इंचाला १०० आटे होते आणि मुठीच्या चकतीवर १०० विभाग; त्यामुळे इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे ०.००२५ मिलिमीटरपर्यंत, फरक वाचता येत असे. ज्याच्या निकालावर अपील नाही असे हे साधन कारखान्यात लॉर्ड चॅन्सेलर या नावाने ओळखले जाई.

यंत्रे असली तरी मॉडस्ली यांनी स्वतः कानस सोडली नाही. कामगार कसा आहे हे त्याच्या कानशीच्या आवाजावरून ते ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. काम हाती घेण्यापूर्वी नेमके काय साधायचे ते स्पष्ट करावे, गरजेबाहेरचा धातू काढून टाकावा, भागांची संख्या कमी ठेवावी आणि आतले कोपरे टोकदार न ठेवता गोलावावेत, कारण तडा तेथूनच जातो, हा त्यांचा शिष्यांना आग्रह असे.

शिष्य

फी भरून येणाऱ्या सुखवस्तू घरांतील उमेदवारांचा मॉडस्ली यांना वाईट अनुभव आला होता आणि पुढे त्यांनी असे विद्यार्थी घेणे बंद केले. १८२९ साली एडिंबराहून २० वर्षांचे जेम्स नॅस्मिथ आले, तेव्हा प्रथम त्यांनाही नकारच मिळाला. नॅस्मिथ यांनी मात्र स्वतः बनवलेले वाफेच्या इंजिनाचे चालते प्रतिरूप आणि आपली रेखाटने सोबत आणली होती. ती पाहताच मॉडस्ली यांनी त्यांना आपल्या खासगी कार्यशाळेत साहाय्यक म्हणून घेतले. आठवड्याला १० शिलिंगांवर राहिलेल्या या तरुणाने पुढे वाफेचा हातोडा बनवला. मॉडस्ली यांच्या स्वभावाची बरीचशी माहिती त्यांच्याच आठवणींतून मिळते. ती शिष्याच्या भक्तिभावाने लिहिलेली आहे, हे वाचताना ध्यानात ठेवणे इष्ट.

रिचर्ड रॉबर्ट्‌स यांनी मँचेस्टर येथे १८१७ साली धातूचे पृष्ठ सपाट करणारे रंधायंत्र बनवले. त्या यंत्राच्या स्वतःच्या पायावर छिन्नी आणि कानशीच्या खुणा दिसतात, कारण ते सपाट करायला तसे दुसरे यंत्र हाताशी नव्हते. मुख्य आरेखक म्हणून काम केलेल्या जोसेफ क्लेमंट यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग बनवले. जोसेफ व्हिटवर्थ यांनी सपाट पाट्यांची पद्धत पूर्णत्वास नेली: दोन पाट्या एकमेकींवर बसल्या तरी एक फुगीर व दुसरी खोलगट असू शकते, म्हणून तीन पाट्या आळीपाळीने परस्परांशी जुळवाव्या लागतात. आट्यांचे प्रमाण देशभर एक असावे म्हणून १८४१ साली त्यांनी मांडलेली योजनाही मॉडस्ली यांच्या कारखान्यातील शिस्तीचाच विस्तार होती.

अखेर

उतारवयात मॉडस्ली यांना खगोलशास्त्राची आवड लागली आणि मोठी दुर्बीण स्वतः बनवण्याचा त्यांचा विचार होता. तो अपुरा राहिला. जानेवारी १८३१ मध्ये फ्रान्समधील एका आजारी मित्राला भेटून परतताना इंग्लिश खाडीत त्यांना थंडी बाधली आणि काही आठवड्यांच्या आजारानंतर १४ फेब्रुवारी रोजी लँबेथ येथे त्यांचे निधन झाले. कारखाना थॉमस हेन्री आणि जोसेफ या मुलांनी व फील्ड यांनी पुढे चालवला. अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या ग्रेट वेस्टर्न या जहाजाची इंजिने १८३८ साली त्यांनीच दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपनी बंद पडली. माया संस्कृतीच्या अवशेषांचे अभ्यासक आल्फ्रेड पर्सिव्हल मॉडस्ली हे याच घराण्यातील होत.

हेन्री मॉडस्ली यांचे दफन वुलिच येथील सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या आवारात करण्यात आले. तेथील बिडाचे स्मारक त्यांनी स्वतः रेखाटले होते आणि त्याचे ओतकाम लँबेथच्या कारखान्यात झाले होते.